पद्मिनीला दुसरं इंजिन: कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

गाडी प्रीमिअर पद्मिनी, १९८४ ची, पेट्रोल, कॉलम गिअर, कोल्हापूर पासिंग. इंजिन १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी. बॉडी आणि फ्लोअरचं पत्रकाम झालेलं आहे. इंजिन चालू होतं, पण चढाला दम नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात आणि डिपस्टिकवर ताकासारखं पांढरट तेल.

आज कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, बघितलं. इंजिन गरम करून चारही प्लग काढले, कॉइलची वायर काढली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि प्रत्येक सिलिंडरला सहा ठोके दिले. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, नाहीतर चौथ्या सिलिंडरपर्यंत स्टार्टर मंदावतो आणि आकडा उगाच कमी दिसतो. गेजवर अनुक्रमे ११८, ६४, ६१ आणि ११४ पीएसआय.

मग दोन आणि तीनमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघितलं. आकडा चार-पाचनेच हलला. रिंगा गेल्या असत्या तर तेलाने सील होऊन तो बराच चढला असता. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम आणि सारखेच पडलेत, म्हणजे दोघांच्या मधला गॅस्केटचा (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा) पट्टा जळालाय.

१८ जानेवारी

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं. नट बाहेरून आत, तिरक्या क्रमाने, तीन फेऱ्यांत सोडवले. अ‍ॅल्युमिनियमचं हेड एका टोकाने सोडवलं तर तिथेच वाकतं. गॅस्केट अपेक्षेप्रमाणे दोन आणि तीनच्या मध्ये जळलेलं. हेडवर स्ट्रेटएज आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेज घातला. मध्यभागी ०.२० मिमीचं पान जातं. ०.०५ च्या वर गेलं की फेसिंग (मशिनवर घासून सपाट करणं) करावंच लागतं.

हेडपर्यंत एवढंच असतं तर काम महिनाभरात संपलं असतं. खरी अडचण खाली आहे. पिस्टनच्या डोक्यावर ०.८ कोरलेलं आहे, म्हणजे हा ब्लॉक आधीच बोअर मोठा करून ६८.८ ला गेलेला. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, क्रँकच्या दिशेने आणि तिच्या आडव्या दिशेने मोजमाप घेतलं. एक नंबरला वरची झीज ०.१९. तीन नंबरमध्ये पाणी साचून राहिल्याने अर्ध्या उंचीवर गंजाचा पट्टा आहे. त्यावरून नख फिरवलं की खड्ड्यांत अडकतं. क्रँकचे बिग एंडचे दोन जर्नल ओरबाडलेले, आणि क्रँकही घासून घासून शेवटच्या अंडरसाइजवर आलेली आहे. पुढच्या ग्राइंडिंगला बेअरिंग मिळणार नाही.

ब्लॉक वाचवता येतो. चारही बोअरना ड्राय लायनर (आतून बसवायची नळी) ठोकून पुन्हा ६८ ला आणता येईल, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम रोजचं आहे. पण क्रँक नसेल तर लायनर घालून उपयोग काय? दुसरी क्रँक शोधायचीच, तर ती बहुतेक वेळा आख्ख्या इंजिनासकट मिळते. तिथूनच दुसऱ्या इंजिनाचा विचार सुरू झाला.

एक गोष्ट आजच लिहून ठेवतो: जुना ब्लॉक भंगारात द्यायचा नाही. आरसी बुकावरचा इंजिन नंबर त्याच्यावर आहे. कागद पूर्ण होईपर्यंत तो तेल लावून, गुंडाळून शेडमध्ये राहील.

२ फेब्रुवारी

इंजिन बघायला जाण्याआधी गाडीचं मोजमाप घ्यायचं. बाजारात उभं राहिल्यावर प्रत्येक इंजिन बसेल असंच वाटतं.

डिफरन्शियलचा (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचा) रेशो असा काढला: एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गाडी न्यूट्रलमध्ये. प्रॉपेलर शाफ्टवर आणि हाउसिंगवर खडूची खूण. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवलं की शाफ्टचे जितके फेरे होतात तो रेशो. चार फेरे आणि साधारण तिसरा हिस्सा झाला, म्हणजे ४.३. दोन्ही चाकं उचलली तर हा हिशोब लागत नाही, कारण दुसरं चाक उलटं फिरतं.

टायर ५.२०-१४. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण केली आणि माणूस बसवून गाडी एक फेरा ढकलली: १.८६ मीटर. टॉप गिअर एकास एक असल्याने ताशी ६० ला इंजिन सुमारे २३०० आरपीएमवर असतं, ८० ला सुमारे ३१००. पद्मिनी हायवेवर ओरडते असं सगळे म्हणतात, त्याचं कारण या दोन आकड्यांत आहे. ती तक्रार अश्वशक्तीची कमी आणि पाचवा गिअर नसण्याची जास्त आहे. इंजिन बदलून शांत गाडी हवी असेल तर गिअरबॉक्सपण बदलावा लागेल, हे इथेच कळलं.

इंजिन बेमध्ये ठरवलेल्या किमान जागा: पंखा ते रेडिएटर २५ मिमी, सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) ते क्रॉसमेंबर (त्याखालचा आडवा मेंबर) २० मिमी, एक्झॉस्ट ते स्टेअरिंग बॉक्स आणि ब्रेक पाइप ४० मिमी, बॉनेट बंद करून एअर फिल्टरवर १५ मिमी. शेवटचं मोजायला फिल्टरवर पीठ मळतात तशी मातीची गोळी ठेवायची, बॉनेट लावायचं, उघडायचं आणि चपटी झालेली गोळी मोजायची. रबर फाउंडेशनवर इंजिन क्लच सोडताना दहा-बारा मिमी सहज हलतं, म्हणून या जागा कमी करायच्या नाहीत.

९ फेब्रुवारी

आज फक्त कागद.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सीएनजी, एलपीजी, बॅटरी असा इंधनबदल मान्य किटने करायला वेगळी सोय आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडक अर्थानेच वाचलं. इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी सादर करायची, हेही याच कलमात आहे.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवलं तर आरसीवर सीसी, सिलिंडर, इंधन सगळं तेच राहतं, फक्त इंजिन नंबर बदलतो. दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलं तर सीसीपासून सगळंच बदलतं, आणि तो अर्ज कुठल्या आधारावर मंजूर होणार याचं उत्तर आधी आरटीओत जाऊन घ्यावं, इंजिन उतरवून घेतल्यावर नाही. आरसीवर एक आणि बॉनेटखाली दुसरं अशी गाडी अपघातात सापडली तर विम्याचा दावा अडतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. या गाडीचं २०२४ ला झालं, पुढचं २०२९ ला. तेव्हा इंजिन नंबर आरसीशी ताडून पाहिला जाणारच.

ज्यांची गाडी जुनी आहे त्यांच्यासाठी आणखी एक. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. प्रीमिअर प्रेसिडेंट किंवा सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. त्यांच्यात मारुतीचं इंजिन घालणं म्हणजे तो दरवाजा स्वतःच्या हाताने बंद करणं.

१६ फेब्रुवारी

डिझेल. १३७डी नावाने पद्मिनीतच १३६६ सीसी डिझेल इंजिन येत असे, त्यामुळे बसतं की नाही हा प्रश्न नाही. पण सुटे भाग पेट्रोल इंजिनापेक्षा दुर्मीळ आहेत, पंप-नोझलचं काम करणारे हात कमी झालेत, आणि आरसीवर इंधन बदलतं. यादीतून काढलं.

२३ फेब्रुवारी

प्रीमिअर ११८एनई मधलं निसान ए१२ बघितलं. ११७१ सीसी, ५२ अश्वशक्ती. लोखंडी ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियम हेड, पुशरॉड, टायमिंगला चेन. क्रँकला पाच मेन बेअरिंग आहेत, पद्मिनीच्या फियाट इंजिनाला तीन. पद्मिनीत घालायला माणसं हे इंजिन का निवडतात ते या एका फरकावरून कळतं: वरच्या आरपीएमला क्रँक वाकत नाही, आवाज गोल येतो.

इंजिन स्टँडवर होतं. क्रँक पुली पुढे-मागे ओढून डायल गेजवर एंड फ्लोट बघितला, ०.१२ मिमी, चांगला. व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर रॉकरखाली काळा गाळ नाही. पाण्याचा पंप हाताने हलवला तर लचकतो, तो बदलायचा असतो.

मग बसवण्याचा हिशोब. ए१२ ला फियाटचा गिअरबॉक्स जोडायचा तर मध्ये अडॅप्टर प्लेट हवी. नाहीतर ११८एनईचाच गिअरबॉक्स घ्यायचा, मग फ्लोअर गिअर होतो, टनेल (फ्लोअरचा मधला उंचवटा) कापावा लागतो, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते आणि कॉलमचा लिव्हर नुसता शोभेला राहतो. गिअर चारच. म्हणजे ताशी ८० चे ३१०० आरपीएम तसेच राहणार.

अडॅप्टर प्लेट करणाऱ्यांसाठी: प्लेट लेथवर कितीही सुंदर निघाली तरी बेल हाउसिंगचं मधलं भोक क्रँकच्या केंद्राशी जुळलं पाहिजे. फ्लायव्हीलवर डायल गेजचं चुंबक बसवा, सुई बेल हाउसिंगच्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक एक फेरा फिरवा. पूर्ण फरक ०.१५ मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर पायलट बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग हजार-दोन हजार किलोमीटरमध्ये आवाज करू लागतं, पहिला गिअर अडकतो, आणि माणूस क्लच बदलत बसतो. हे जमलं की मगच डॉवेल ठोकायचे. नुसत्या बोल्टवर केंद्र ठेवायचं नाही, बोल्टच्या भोकात तेवढी ढील असतेच. प्लेटच्या जाडीइतका गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मागे सरकतो. त्याचं टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं जातं का, तेही मोजून.

२ मार्च

मारुती जिप्सीचं जी१३बीए. १२९८ सीसी, कार्ब्युरेटर, आठ व्हॉल्व्ह, ६० अश्वशक्ती. नंतरचं जी१३बीबी एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं), सोळा व्हॉल्व्ह, ८० अश्वशक्ती.

पद्मिनीसाठी जिप्सीकडे सगळे का वळतात? दोन कारणं. इंजिन उभ्या दिशेने बसतं, गिअरबॉक्स मागे येतो, मागची चाकं चालवायला तयार. आणि जिप्सीचा ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, मध्ये छोटा शाफ्ट आहे. तो केस सोडून दिला की हाताशी पाच गिअरचा साधा मागच्या चाकांचा बॉक्स उरतो. पाचव्याचा रेशो सुमारे ०.८ धरला तर याच डिफवर ताशी ८० ला २४५० ते २५०० आरपीएम. ते सहाशे आरपीएम कमी होणं दिवसभराच्या प्रवासात कानाला आणि इंजिनाला दोन्हीला जाणवतं.

ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे इंजिन हाताला हलकं लागतं. पुढचा भार कमी झाला की गाडी पुढून उचलली जाते आणि चाकाचा कँबर (उभा कल) बदलतो. अलाइनमेंट बघितल्याशिवाय चालवायची नाही.

व्हर्साचं जी१३बीबी किंवा ईकोचं ११९६ सीसी इंजिनही मागच्या चाकांचं आहे, बाजारात मिळतं आणि दिसायला सोपं वाटतं. पण ती इंजिनं सीटखाली कलती बसवलेली असतात. सम्प आणि तेल ओढणारी नळी त्या कलत्या बसणीसाठी आहे. सरळ उभं केलं तर वळणावर किंवा ब्रेक मारताना नळी तेलाबाहेर येऊ शकते. ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो, तेवढ्यात बेअरिंग जातं.

८ मार्च

जी१३बीए चा मोकळा ब्लॉक, रिकामं हेड आणि गिअरबॉक्सचं केसिंग एका दिवसासाठी आणून बेमध्ये लटकवलं. चेन ब्लॉकवर, तीन तास, पुठ्ठे कापत. जिथे जागा कमी तिथे पुठ्ठा घालायचा, पेन्सिलने खूण करायची.

बॉडीची कुठलीही रचना न कापता लांबी बसली. सम्प क्रॉसमेंबरला भिडला, २० मिमी ऐवजी ६. म्हणजे सम्प कापून वेल्ड करणं किंवा इंजिन वर उचलणं. वर उचललं तर मातीची गोळी कागदासारखी झाली. फाउंडेशनचे चारही कंस नव्याने बनवावे लागतात. टनेलमध्ये गिअर लिव्हरसाठी भोक, गिअरबॉक्सखाली नवा आडवा मेंबर, शाफ्ट कापून बॅलन्सिंग. शाफ्टचा कोन: इंजिन मागे साधारण तीन-चार अंश खाली, आणि डिफच्या पिनियनचा कोन त्याला समांतर, फरक एका अंशाच्या आत. हे चुकलं तर ५०-६० च्या स्पीडला सीटखाली घरघर येते आणि लोक ती टायरवर ढकलतात.

एमपीएफआय घ्यायचं तर आणखी: टाकीपर्यंत रिटर्न लाइन, टाकीत किंवा लाइनमध्ये दाबाचा इलेक्ट्रिक पंप, ईसीयू (इंजेक्शनचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, आणि इमोबिलायझर असलेल्या गाडीचं असेल तर त्याचं मॉड्युल आणि मूळ किल्लीसुद्धा. इंजिन घेऊन ईसीयू नंतर शोधू असं म्हणणाऱ्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं शेडमध्ये उभ्या असतात.

१५ मार्च

ब्रेक. या गाडीला चारही चाकांना ड्रम आहेत, सर्व्हो (पेडलला जोर देणारा बूस्टर) नाही. ताशी ८० वरून थांबताना जेवढी उष्णता ड्रममध्ये जाते, १०० वरून थांबताना तिच्या दीडपटीहून जास्त, ५६ टक्के अधिक. वेगाचा वर्ग घ्या, आकडा समोर येतो. पंचगंगा ओलांडून हायवेला लागलं की ८० अश्वशक्तीची पद्मिनी १०० ला सहज जाईल, आणि पुढे ट्रक थांबला की पाय त्याच जुन्या ड्रमवर. दुसऱ्यांदा दाबल्यावर पेडल लांब जातं, तिसऱ्यांदा वास येतो. म्हणून ६० अश्वशक्तीच्या वरचं कुठलंही इंजिन म्हणजे पुढे डिस्क, सर्व्हो, मास्टर सिलिंडर, आणि त्यासाठी पुढचं नकल (चाक धरणारा भाग). पुढचा अ‍ॅक्सलच बदलला की आणखी वेगळं काम सुरू.

निर्णय आजच झाला: पद्मिनीचंच १०८९, दुसऱ्या गाडीतून.

जिप्सीचा पाचवा गिअर सोडताना वाईट वाटलं, ते खरं आहे. पण त्या गिअरमागे सम्प, टनेल, शाफ्ट, ब्रेक आणि आरसी अशी रांग लागते, आणि त्यातली शेवटची अडचण स्पॅनरने सुटत नाही. शिवाय टनेल एकदा कापला की ही गाडी पुन्हा मूळची होत नाही. ताशी ६०-६५ ने चालणारी गाडी ही तिची घडण आहे. त्या वेगाला हे इंजिन, हा डिफ आणि हे ड्रम एकमेकांना शोभतात.

२९ मार्च

पहिलं इंजिन, नाकारलं.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सी म्हणून ती रस्त्यावरून गेली. तोवर सुट्या भागांची आवक टॅक्सीवर चालत होती. आता जे इंजिन समोर येतं ते बहुधा त्याच साठ्यातलं, आणि टॅक्सीचं इंजिन किती चाललं हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून मोजल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

या इंजिनावर ताजा चंदेरी रंग होता. फ्लायव्हील हाताने फिरलं, गुळगुळीत. इंजिन नंबरच्या पट्टीवर ग्राइंडरच्या रेषा होत्या, आकडे उथळ आणि वेडेवाकडे. पुढे बघायची गरजच नव्हती. नंबर खरवडलेलं इंजिन फुकट मिळालं तरी घ्यायचं नाही, ते कुठल्या गाडीतून आलं हे पोलीस विचारतील तेव्हा उत्तर नसतं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी वस्तू छान मिळतात, पण इंजिनासारखी नंबर असलेली वस्तू पावतीशिवाय घेऊ नये.

६ एप्रिल

दुसरं इंजिन, घेतलं. विक्रेत्याकडे मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याचा कागद आहे, त्यावरचा इंजिन नंबर आणि पट्टीवरचा नंबर जुळतो, पावतीवर तोच नंबर लिहून घेतला.

तपासणी या क्रमाने. ऑइल ड्रेन करून तळाचं तेल पांढऱ्या कापडावर: तांबूस-सोनेरी चकाकी दिसली तर बेअरिंग गेलेत. इथे फक्त काळं. सम्प काढून एक बिग एंड कॅप उघडली, शेलवर करडा थर शाबूत, तांबडा रंग कुठेच वर आलेला नाही. हेड काढून बोअरच्या वरच्या कडेला नख लावलं, कड लागते पण पातळ. पिस्टन ०.२ चे. म्हणजे ६८.४, ६८.६ आणि ६८.८ असे तीन टप्पे अजून हातात आहेत. खऱ्या अर्थाने हेच इंजिन विकत घेण्याचं कारण.

ब्लॉकच्या बाजूचे पाण्याच्या जॅकेटचे पत्र्याचे प्लग टोच्याने आत वळवून काढले. मागच्या प्लगमागे चौथ्या सिलिंडरभोवती गंजाचा आणि मातीचा ओला थर, बोटाने काढला तर मूठभर निघाला. वर्षानुवर्षं बोअरवेलचं पाणी घातल्याचा हा परिणाम. तापमानाचा काटा नॉर्मल दाखवत असताना चौथा सिलिंडर एकटा तापतो आणि तिथलंच पिस्टन धरतं, त्याचं कारण हा गाळ. इंजिन घेताना हे प्लग काढून बघा म्हटलं तर विक्रेते कुरकुरतात. नवे प्लग तुम्ही द्या आणि बघाच.

फ्लायव्हील आणि बेल हाउसिंग आपल्या गिअरबॉक्सला लावून पाहिलं. शेवटच्या काळातल्या काही पद्मिनींना फ्लोअर गिअर आला होता, त्यामुळे वरून सारखं दिसणारं इंजिन मागून सारखं असेलच असं धरू नये.

२० एप्रिल

मशिन शॉप. ब्लॉक गरम द्रावणात धुतला, जॅकेट बंद करून हवेच्या दाबाने पाण्याखाली तपासला, बुडबुडा नाही.

पिस्टन सेट ०.४ चा मिळाला. पिस्टन हातात आल्यावर, मायक्रोमीटरने स्कर्टवर मोजून, पाकिटावर दिलेल्या क्लिअरन्सप्रमाणे बोअर. आधी बोअर करून मग पिस्टन शोधणं हा सगळ्यात महागडा क्रम आहे. शेवटचे काही शतांश होनिंगने, तिरप्या रेषांची जाळी दिसेपर्यंत. रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून गॅप बघितला: ६८.४ ला साधारण ०.२५ ते ०.३० मिमी. दोन रिंगा ०.१८ निघाल्या, बारीक कानशीने आतल्या दिशेनेच घासून नीट केल्या. गॅप कमी राहिला तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

मध्येच एक प्रश्न आला होता, तो इथे नोंदवतो. इटलीतल्या फियाट ११००डी ला १२२१ सीसी इंजिन होतं, ७२ बाय ७५. स्ट्रोक आपलाच. मग हा ब्लॉक ७२ ला नेता येईल का? नाही. बोअरची भिंत दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी पातळ होईल, आणि चाळीस वर्षं आतून गंजलेल्या ब्लॉकमध्ये तेवढी जाडी उरली आहे असं धरता येत नाही. शिवाय आरसीवरची सीसीही बदलते.

२७ एप्रिल

आपलंच हेड वापरलं, दुसऱ्याच्या हेडला प्लगच्या पेचात आधीच एक इन्सर्ट आहे. फेसिंगला ०.२५ मिमी गेलं. कॉम्प्रेशन रेशोचा हिशोब: ६८.४ बोअरला एका सिलिंडरचं आकारमान २७५.६ सीसी. मूळ ७.८ धरून चेंबर सुमारे ४० सीसी, फेसिंगमुळे पाऊण सीसी कमी. रेशो जवळजवळ ८. साध्या पेट्रोलला चालतो. चार सिलिंडर मिळून ११०२ सीसी होतात. रिबोअरची ही वाढ दुरुस्तीतच मोडते.

एक्झॉस्टच्या चारही सीट कडक मिश्रधातूच्या बसवल्या. शिसं असलेलं पेट्रोल देशात २००० साली बंद झालं. तेव्हाच्या नरम सीट शिशाच्या थरावर टिकत होत्या. आता त्या खोल जातात, टॅपेटचा गॅप बंद होत जातो आणि व्हॉल्व्ह जळतो. टॅपेट वारंवार घट्ट होत असेल तर पहिला संशय सीटवर. व्हॉल्व्ह बसवून चेंबरमध्ये रॉकेल ओतलं, पंधरा मिनिटांत पोर्टमध्ये थेंब नाही.

पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. जुने काळे रबर पाइप त्यात फुगतात आणि आतून सोलतात, तुकडे कार्ब्युरेटरच्या नीडलखाली अडकतात. टाकीपासून पंपापर्यंत सगळे पाइप फ्लुओरो रबराचे घातले, पंपाचा डायफ्रामही बदलला. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ पडतं, साधारण आठ टक्के. जेटचं भोक क्षेत्रफळाने तेवढं वाढवायचं तर व्यासाने चार टक्के: १२० चा मेन जेट असेल तर १२५. प्लगचा रंग बघूनच कायम करायचा.

११ मे

इंजिन बसलं. फाउंडेशनची रबरं नवी, क्लच प्लेट नवी, पायलट बेअरिंग नवं. सुरू करण्याआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवलं, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून चालू, वीस मिनिटं १५०० ते २००० आरपीएमच्या दरम्यान बदलत ठेवलं, आयडलवर सोडलं नाही. थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा क्रमाने ओढले, टॅपेट पुन्हा लावले.

परिवहन पोर्टलवर अर्ज आधीच टाकलेला होता. सोबत इंजिनाची पावती, मूळ गाडीच्या नोंदणी रद्दचा कागद, दोन्ही इंजिन नंबरांचे पेन्सिलने घासून घेतलेले ठसे. आजपासून १४ दिवस मोजले तर २५ मे. तपासणीला गाडी त्याआधी नेऊन उभी करायची.

१ जून

३१० किलोमीटर झाले. तपासणी २० मे ला झाली, नवा नंबर आरसीवर चढला. पहिलं तेल बदललं, फिल्टरच्या कागदावर बारीक चंदेरी भुकटी, चुंबकाला चिकटणारी, नव्या रिंगांची. तांबूस काही नाही. कॉम्प्रेशन १३२, १३०, १३३, १३१. मेन जेट १२५ वर प्लग फिकट चॉकलेटी. चौथ्या सिलिंडरजवळचा ब्लॉक हाताला बाकीच्यांइतकाच गरम लागतो. आता जुना ब्लॉक सुटा करून ठेवला, लायनर घालण्यासारखा आहे.